बँजोची आट्यांची पिन

श्रावण लागला की आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यात गॅलरी-गॅलरीतून गहू पाखडायला सुरुवात होते आणि माझं डोकं फिरतं. बाकीच्या बायकांना या आवाजाने माहेर आठवतं म्हणे. सुपातून उडालेला गहू परत सुपात पडताना होणारा सर्र-सर्र आवाज, खाली रस्त्यावरचा चिखल, पलीकडच्या शेडमधली लूमची खटखट आणि या सगळ्यावर ओल्या कापडाचा, खळीचा आंबूस वास. कुणाला यात काव्य दिसत असेल तर दिसो. मला त्यात गव्हाच्या मुठी दिसतात.

खानदेशी देवी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांना लागणारा गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावाने घेतात. एका पुरुषाची सव्वा मूठ. खानदेशातून तापी लाइनच्या गाडीत बसून आम्ही सुरतेला आलो, तेव्हा वळकट्या, पितळी डबे आणि ही रीत, एवढं सगळं बरोबर घेऊन आलो. नवऱ्याची सव्वा मूठ, मुलाची सव्वा मूठ, पाळण्यात पडलेल्या, अजून मानही न धरणाऱ्या पोराची सव्वा मूठ. जी पाखडते, दळते, रोट भाजते आणि शेवटी काळा तवा घासत बसते, तिची मूठ नाही. आणि हा सगळा थाट कुणासाठी? एका बाईसाठीच ना? नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी डोक्यावर घेऊन नाचत नदीला न्यायचं. डोक्यावर घ्यायला बाई चालते, मोजायला चालत नाही.

तरुणपणी मला याचा राग येत नसे. तरुणपणी मी फार समजूतदार होते. समजूतदार म्हणजे काय, तर कुणीही काहीही समजूत घालावी आणि मी ती पदरात घेऊन घरी यावं.

यंदा डोकं फिरायला आणखी एक कारण झालं. कानबाई बसते त्या रविवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या आवारात आम्ही बायका गाणी म्हणतो. गेल्या वर्षी मंडळाच्या पोरांनी डीजे आणला. माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्या धडधडीत आमच्या सरूबाईचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज काही येत नव्हता. सरूबाई दिवसभर साड्यांचे धागे कापते, त्यात डोळे अधू झालेत तिचे, पण कानबाईचं एकेक गाणं तिला पाठ. अर्ध्या तासाने तिने तोंड मिटलं, पदर सावरला आणि घरी निघून गेली. यंदा मोबाइलवर मंडळाचा निरोप आला, रविवारी डीजे, सोमवारी डीजे. मी खाली गेले. पोरं पत्र्याच्या शेडखाली बसली होती.

म्हटलं, "रविवारची संध्याकाळ बायकांची आहे."

त्यातला पुढारी, सरूबाईचा भाचाच, म्हणाला, "काकू, तुमचा आवाज कुठं पोहोचतो? लोकांना म्युझिक लागतं."

"म्युझिक मी देते. मी बँजो वाजवते."

एकच हशा पिकला. एकाने विचारलं, "काकू, यूट्यूबवर?" भाचा मात्र हसू आवरून म्हणाला, "बरं काकू, पैज. बँजो वाजला तर रविवार तुमचा. नाही वाजला तर डीजे, आणि पुन्हा तक्रार करायची नाही."

मी जिना चढताना गुडघे धरून चढले, पण ऐटीत चढले. वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर आठवलं की बँजो माळ्यावर आहे, त्याची वायर कधीच गेली आहे आणि मी तो शेवटचा वाजवला तेव्हा हे सगळे पुढारी जन्मालाही आले नव्हते.

बँजो म्हणजे आपला, वरातीत गाडीवर बसून वाजवतात तो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या. माझ्या मामाची अमळनेरजवळच्या खेड्यात बँजो पार्टी होती. त्याला मुलगा नव्हता आणि मला अक्कल नव्हती, म्हणून मी शिकले. लग्नात मामाने मला भांडी दिली नाहीत, हा बँजो दिला. तारांखाली पिकअप बसवलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मशीनला जोडला की आवाज गल्लीभर जाणार.

आणि ती पिन! आजकाल सगळं नुसतं खुपसायचं असतं. मोबाइल खुपसा, चार्जर खुपसा, ढिलं झालं की फेका. माझ्या बँजोच्या कडेला पत्र्याच्या पट्टीवर एक बुटकं पितळी तोंड होतं, बाहेरून आटे असलेलं. वायरीच्या टोकाची पिन त्याच्यावर टेकवायची आणि तिची कडी अंगठा-तर्जनीने फिरवत घट्ट करायची, बाटलीचं झाकण लावतात तशी. वाजवताना कुणी वायरीला अडखळलं तरी निघत नसे. मी ती कडी फिरवायचे तेव्हा माझा चेहरा असा असायचा, जणू मी धरणाचा दरवाजा उघडते आहे. मामा म्हणायचा, "पोरी, पिन लावतेस का आरती करतेस?"

सुरतेतला माझा पहिला श्रावण पांडेसऱ्याच्या खोलीत गेला. दाराबाहेरच्या गटाराचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस निळं. कोणत्या रंगाच्या साड्या बाजारात येणार ते आम्हाला दुकानदारांच्या आधी कळायचं. भिंतींना कायम ओल, खोलीत आम्ही दोघं, सासू-सासरे आणि मधूनमधून गावाकडून कामाच्या शोधात आलेला कुणीतरी. त्या वर्षीच्या कानबाईला चाळीच्या मध्ये मंडप घातला होता आणि कुणीतरी भजनाचं मशीन आणलं होतं. मी नवी सून. लुगडं सावरत, दोन्ही पायांत रबरी चपला घालून खाटेवर बसले. चपला कशाला? तर बँजोतून करंट बोटात येतो आणि बोटातून पोटात जातो, अशी माझी पक्की माहिती होती. समोर साक्षात देवी, सगळे अनवाणी, आणि मी चपला घालून हनुवटी वर करून बसलेली. आता तो देखावा आठवला की त्या मुलीच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटते. मग तिला जवळ घ्यावंसंही वाटतं, पण आधी टपली.

पण वाजवलं मात्र मी. बायका म्हणत होत्या, मी त्यांच्यामागून सूर धरत होते आणि तो आवाज पत्र्यांवरून, गटारावरून, पलीकडच्या मिलच्या भिंतीवर आपटून परत येत होता. लूमवरून सुटलेली माणसं डबे हातात धरून उभी राहिली. माझी बोटं माझ्या पुढे धावत होती. एवढ्या वर्षांत मी किती श्रावण पाहिले, पण श्रावण म्हटलं की मला ती संध्याकाळ आठवते. त्या संध्याकाळी मला कुणाची बायको, कुणाची सून काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावकीतले एक काका सासऱ्यांना म्हणाले, "सून झकास वाजवते. आता वरातीच्या गाडीवर बसवा." आणि हसले. बस, एवढंच. कुणी ओरडलं नाही. सासूबाईंनी तर माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "लक्ष्मी शे ती. आशी कोनापन पुढे काढानी नही. वर ठी दे, पूजा कर." लाल कपडा आणला, बँजो गुंडाळला आणि देवाच्या फळीवर ठेवला. आणि मी, ती हनुवटीवाली, मला काय वाटलं असेल? मान वाटला मान! मी माहेरी पत्र लिहिलं की माझा बँजो देवाशेजारी ठेवलाय. मामाने उत्तर पाठवलं नाही. मला वाटलं, त्याला कौतुकाने शब्द सुचले नसतील.

वायरीचं काय झालं तेही सांगते. सासूबाई काटकसरी. चांगली लांब, मजबूत वायर नुसती पडून आहे म्हटल्यावर त्यांनी ती खोलीबाहेर दोन खिळ्यांना बांधली. माझ्या दोन्ही पोरांची दुपटी तिच्यावर वाळली. टोकाला ती आट्यांची पिन लोंबकळत असायची, वाऱ्यावर भिंतीला आपटायची, टक, टक. मी दुपटी काढताना ती हाताने थांबवायचे. गोडादऱ्याला राहायला आलो तेव्हा ती वायर पिनेसकट तिथेच राहिली आणि बँजो इथे फळीवरून माळ्यावर गेला.

तर यंदा बँजो खाली काढला, लाल कपडा सोडला. तारा गंजलेल्या, त्या नव्या मिळतात. बटणांना तेल घातलं. पिकअप तेवढा कोपऱ्यावरच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याने मीटर लावून पाहिला. म्हणाला, जिवंत आहे. आता हवी होती ती पिन. ह्यांना म्हटलं, "चला बाजारात."

हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर लूमचे फिटर होते. कानांनी आता कमी ऐकू येतं, मला मात्र पूर्वीही कमीच ऐकू यायचं त्यांचं बोलणं, कारण ते बोलतच कमी. म्हणाले, "तुले वाजाडता येस का आजून?"

"पिन मिळाली की कळेल."

स्टेशनकडच्या गल्लीतल्या पहिल्या दुकानात एक तरुण बसला होता. मी बँजोचा फोटो दाखवला, पिनेचं तोंड दाखवलं. त्याने फोटो मोठा केला, लहान केला आणि म्हणाला, "बा, आ काकानुं हशे, नहीं?"

"काकांचा नाही. माझा आहे. मारो छे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवते म्हणाले. मग फार प्रेमाने सांगितलं, "बा, भजन माटे तो हवे ॲप आवे छे."

दुसऱ्या दुकानातला हिंदीत बोलणारा. "माताजी, ये पिन तो कब की बंद हो गई. छेद बड़ा करके आजवाला जॅक लगवा लो." मी भडकले. देवाशेजारी राहिलेली वस्तू, तिला भोक पाडू? त्याने हात जोडले आणि वर म्हणाला, "घर में कोई जेंट्स हो तो उनको भेज दो, मैं समझा दूँगा."

घरातले जेंट्स बाहेर टपरीवर लोचो खात होते. ताटलीवर लिंबू पिळत होते. त्यांना पिनेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते आले असते तर याला ते समजावता आलं असतं. माझ्या डोक्यात सुतळी पेटली. मी वाजवणारी, मी पिन फिरवून बोटांना वळ पाडून घेतलेली, मला काय हवंय ते मी चित्र काढून सांगते आहे, आणि हा मला पुरुष पाठवायला सांगतो.

तिसऱ्या दुकानात शिरण्याआधी मी कपाळावरची टिकली काढून पर्सच्या आरशाला चिकटवली. पदर डोक्यावर घेतला. दुकानदार वयस्क होता. मी फोटो पुढे केला आणि आवाज खाली आणला, "भाई, आमचे हे गेले. त्यांची हीच एक आठवण. त्यांना फार शोख होता."

"अरेरेरे," तो उठून उभाच राहिला. "बेसो बा, पाणी पीओ." त्याने स्वतः शिडी लावली. माळ्यावरून खोकी काढली, धूळ उडाली, शिंका आल्या. आतल्या खोक्यातून आणखी एक खोकं निघालं, त्यातून एक पिशवी, आणि पिशवीतून ती पितळी, आट्यांची, कडीवाली पिन. मी तिला हातात घेतलं आणि कडी फिरवली. आवाज तोच, बारीक कुरकुर. डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं. दुकानदाराला वाटलं, यजमानांसाठी आलं.

तेवढ्यात यजमान लोचोची रिकामी ताटली हातात घेऊन दारात उभे. "व्हयनं का वं?"

"आ कोण?" दुकानदाराने विचारलं.

"माझे थोरले दीर," मी म्हटलं. "भाऊ गेल्यापासून जरा असेच फिरतात."

रिक्षात बसल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, हसत हसत. ह्यांनी लोचोचे हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, "मी आजून जित्ता शे."

"माहीत आहे मला. जिवंत नवऱ्याच्या बायकोला पिन मिळत नाही."

ते हसले आणि माझं हसू तिथेच आटलं. उधन्याच्या पुलावर रिक्षा अडकली होती, शेजारच्या टेम्पोतल्या साड्यांच्या गाठोड्यांवर पाऊस पडत होता. मी मुठीतली पिन आवळत होते आणि दातही आवळत होते. माझी हौस म्हणून जी पिन अख्ख्या सुरतेत नव्हती, ती मेलेल्या पुरुषाची हौस म्हटल्याबरोबर माळ्यावरून खाली आली. मेलेल्या पुरुषाला बसायला खुर्ची, प्यायला पाणी. जिवंत बाईला ॲप.

घरी कोसाडहून नणंदबाई आलेल्या. यमुनाक्का, ह्यांची मोठी बहीण. कानबाईला दरवर्षी येतात आणि सासूबाईंची जागा भरून काढतात, तीही गादी-तक्क्यासकट. त्यांच्या देखत मी बँजो मांडीवर घेतला, पिन तोंडावर टेकवली, कडी फिरवली. फिरेना. अर्धा आटा गेला आणि अडकली. उलटी फिरवली, परत लावली. अडकली.

माझी सून वंदना धावत आली, मोबाइलचा दिवा लावला आणि डोळा बारीक करून आत पाहिलं. "आई, यात काहीतरी भरलंय. घट्ट."

पट्टीचे दोन स्क्रू काढले. पट्टी निघाली आणि पितळी तोंडाच्या पोटातून माझ्या मांडीवर एक ढेकूळ पडलं. लाल, पिवळं, मध्ये काळपट, थर-थर. वंदनाने नखाने फोडलं. आत तांदळाचे दाणे, कीड लागून पोकळ झालेले. आटे हिरवे पडून खाऊन गेलेले. वीज नेणारी मधली काडी तर उरलीच नव्हती, तिची नुसती गंजाची भुकटी होती.

वंदना हळूच म्हणाली, "आई, हे कुंकू आहे."

"दिसतंय मला."

आणि ते कुणी घातलं तेही मला दिसत होतं. सासूबाईंनी फक्त 'पूजा कर' म्हटलं होतं. केली मी. दर खंडेनवमीला. हे तिकडे शेडमध्ये लूमला झेंडूच्या माळा घालायचे, स्टार्टरच्या डब्याला कुंकू लावायचे. इकडे घरात मी कात्री, विळी, शिलाई मशीन आणि बँजो मांडायचे. बाकीच्यांना वरवर बोट टेकवायचे, पण बँजोचं कौतुक मोठं. त्याला मी कुंकू नेमकं त्या पितळी तोंडातच भरायचे. वीज आत शिरते ते तोंड, तेव्हा मान त्या तोंडाला, अशी माझी अक्कल! आधी हळद, मग कुंकू, मग अक्षता, आणि वर पळीने थेंबभर पाणी, म्हणजे सगळं नीट आत बसावं. बसलं की! असं बसलं, की वीज काय, मुंगीला शिरायला जागा उरली नाही. दर वर्षी हात जोडून मी त्याचं तोंड लिंपत होते, आणि माझं हे देखणं काम बघून घरचे म्हणत होते, किती मनोभावे करते.

यमुनाक्का म्हणाल्या, "पुण्य शे ते बाई. फेकू नको, तापीमां सोड."

मला आधी हसू आलं, इतकं की वंदना घाबरली. मग तो राग आला. या वयात येतो तसला चिडचिडा नव्हे. खोल, थंड, तळहात गार करणारा. मला कुणी मारलं असतं, बँजो मोडला असता, तर मी भांडले असते हो. तेवढी धमक त्या हनुवटीत होती. पण हात फिरवला, लक्ष्मी म्हटलं, लाल कपडा आणला. नमस्कार करणाऱ्याशी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मीही त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि स्वतःलाच नमस्कार करत बसले.

मी ह्यांना म्हटलं, "तुमची गोल कानस काढा."

"काय करस?"

"भोक मोठं करते. आजकालचा जॅक बसवते."

यमुनाक्कांनी "अगं, पूजेची वस्तू!" म्हणून कपाळाला हात लावला. दुकानात मीही हेच म्हणाले होते, याच तोऱ्यात. म्हणून त्यांना काही बोलले नाही.

ह्यांनी पिशवीतून कानस काढली, पट्टी हातात घेतली आणि घासायला लागणार, तर मी म्हटलं, "द्या इकडे. तुम्ही धरा. घट्ट धरा." ते जमिनीवर बसले, पट्टी पकडीत आवळून धरली. मी घासत होते. कर्र, कर्र. पत्र्याचा चुरा ह्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडत होता. खाली बघतच ते म्हणाले, "मी कोठे नही म्हनं व्हतं तुले?"

"नव्हतंच म्हटलं. कुणीच नाही म्हटलं नाही. तेच तर."

त्यांनी मान वर केली नाही, पण पकड आणखी आवळली. फिटरचे हात ते, अजून हलत नाहीत. जन्मात पहिल्यांदा ते माझ्यासाठी काहीतरी घट्ट धरून बसले होते आणि मला त्याचंही कौतुक करायची इच्छा नव्हती. नुसतं घासत राहिले, भोक पडेपर्यंत.

जॅक कोपऱ्यावरच्या रिवाइंडिंगवाल्याकडे बरणीत पडलेले असतात. त्याने पिकअपच्या दोन तारांना कथलाचा डाग दिला, दुरुस्तीला आलेल्या एका मशीनला लावून पाहिलं, तर त्यातून नुसती घुंऽऽ अशी गुरगुर. मी म्हटलं, बरोबर आहे, इतकी वर्षं तोंड बंद होतं, आधी गुरगुरणारच. त्याने तारांची अदलाबदल केली आणि गुरगुर थांबली. मी तिथेच, दुकानाच्या पायरीवर, एक तार छेडली.

शनिवारी वंदना रोटांचा गहू घेत होती. ह्यांच्या नावाची सव्वा मूठ, तिच्या नवऱ्याची, तिच्या मुलाची. मी पुढे झाले आणि माझ्या हाताने एक मूठ टाकली, वर पाव.

यमुनाक्का म्हणाल्या, "ही कोनी?"

"बँजो वाजवणारीची."

त्या मुठीकडे बघतायत तोवर वंदनाने मान खाली घालून स्वतःच्या नावाची मूठ टाकली, मग तिच्या मुलीच्या नावाची. मी काही शिकवलं नव्हतं तिला. यमुनाक्का उठून गॅलरीत गेल्या. रोट मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी खाल्ला.

रविवारी संध्याकाळी आवारात कानबाई बसलेली, केळीची पानं पावसाने निथळत होती. पोरं डीजेचं मशीन ताडपत्रीखाली लावून तयारच होती, मी हरणार या खात्रीने. मी बँजो घेऊन उतरले आणि खाटेवर बसले. भाच्याने वायर आणली आणि भोकाकडे पाहून म्हणाला, "काकू, बरं झालं हा जॅक आहे. ती जुनी आट्यांची पिन असती तर आमच्या मशीनला लागलीच नसती."

नवरा मारून आणलेली पिन माझ्या कमरेच्या पिशवीत होती. मी ती चाचपली आणि पत्ती बोटात धरली.

वाजवलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाजवलं. बोटं लाकडासारखी झालेली, दोनदा भलत्याच बटणावर पडली. पोरं खिदळली. मग गर्दीतून सरूबाई पुढे आली, माझ्या खाटेला टेकून बसली आणि तिने सूर लावला. तिच्या मागून माझी बोटं निघाली. आधी लंगडत, मग चालत. तो आवाज त्या माणसाएवढ्या स्पीकरांतून बाहेर आला, समोरच्या शेडच्या पत्र्यावर आपटला आणि परत आला. तोच, पांडेसऱ्याचा. बायका उठल्या. फुगड्या सुरू झाल्या. भाचा मशीनवर हात ठेवून उभा होता, त्याला आवाज कमी करायचा का वाढवायचा ते कळत नव्हतं. सरूबाईने गाण्याच्या मध्येच त्याला खडसावलं, "वाढव, मेल्या!"

मी अनवाणी होते. करंट बोटात येतो म्हणाले होते ना मी तेव्हा? येतो. त्या बावळट मुलीचं तेवढं खरं होतं.

पण राग गेला का, असं कुणी विचारलं तर सांगते, गेला नाही. उलट वाजवताना जास्त आला. एवढंच होतं? एक भोक, दोन डाग? यासाठी माझे सगळे श्रावण फळीवर ठेवले?

मंगळवारी कोसाडला परत निघताना यमुनाक्का आत आल्या. आवाजात माया होती, ती खोटी नव्हती, म्हणूनच मी सावध झाले. म्हणाल्या, "छान वाजाडं हो. आते नीट पुसीसन लाल कपडामां बांध आन वर ठी दे. दसराले पूजा कर."

मी त्यांना लाल कपडा दाखवला. त्याचे मी तीन तुकडे केले होते. एकाने तारा पुसते, एक बटणांवरच्या तेलाला, आणि एक ह्यांनी लोचोचे हात पुसायला नेला आहे.

बँजो आता घराच्या मधोमध असतो, दिवाणावर, वायर लावलेला. ती वायर दारापर्यंत आडवी जाते. वंदना कपडे वाळत घालायला जाते तेव्हा तिला अडखळते, नातवंडं अडखळतात, हे तर रोज अडखळतात आणि रोज म्हणतात, "आठे कसाले ठेवस?" अडखळू देत. माझं वाजवणं चालू असलं, तर पलीकडे जायचंय त्याने वळसा घालून जावं.